अकरा पाकळ्यांचा रुमाल

तुमच्या आईने पत्रात लिहिलं आहे की धाकटी डाव्या हाताने जेवते, डाव्या हाताने चित्रं काढते आणि तिकडच्या शाळेत तिला त्यावरून कोणी काही म्हणत नाही. हे मी चार वेळा वाचलं. मग उठून कपाटातला पत्र्याचा डबा काढला, त्यातल्या दोऱ्यांच्या गुंड्या रंगाप्रमाणे लावल्या, सुया जाडीप्रमाणे लावल्या, आणि तेही करून झाल्यावर काही सुचेना म्हणून हे लिहायला बसले.

सुट्टीत येता तेव्हा तुम्ही दोघं मला विचारता, आजी, तुला नुसतं बसता येत नाही का? नाही येत. बातम्या ऐकताना, डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना, दूध तापायला ठेवलं की ते वर येईपर्यंतसुद्धा माझ्या हातात दोरा लागतो. हात रिकामे राहिले की मला कुठेतरी काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. हे कधीपासून झालं ते मला ठाऊक आहे. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरत नव्हतं.

तिला आम्ही आक्का म्हणत असू. घर जालन्यात, जिनिंगच्या आवाराला लागून. वडील, म्हणजे आमचे दादा, तिथे कापसाच्या गाड्या उतरवून घ्यायचं काम बघत. शेती अंतरवाली सराटीला होती, ती काका बघत. निजामाचं राज्य होतं, कचेरीचे कागद उर्दूत येत, बाजारात निम्मे शब्द उर्दूच असत, आणि त्याचं आम्हाला काही वाटत नसे. थंडीत जिनिंग सुरू झालं की घरभर कापसाचे तंतू उडत. भाकरीवर, केसांत, देवाच्या टाकांवर. आई दिवसातून चार वेळा झाडायची आणि चारही वेळा चिडायची.

मी डावरी. आईला ते सहन होत नसे. जेवताना माझा डावा हात ती परकराच्या नाडीला बांधून ठेवायची. मी उजव्या हाताने जेवायला शिकले, लिहायला शिकले, पण सुई उजव्या हातात धरली की ती माझी राहत नसे. उन्हाळ्यात ओसरीवर गोधडी पसरली की आई, काकू आणि शेजारच्या दोघी चार कडांना बसत. गोधडीचे धागे कडेने सुरू होतात आणि फिरत फिरत मध्याकडे जातात. शिवणाऱ्या सगळ्या एकाच दिशेने सरकतात. मी बसले की माझा धागा उलटा निघायचा, आणि समोरून सरकत येणारीच्या सुईला माझी सुई भिडायची. "ऊठ तिथून, जा पाणी भर," असं मला दर उन्हाळ्यात सांगितलं जाई.

आमच्या मागच्या भिंतीत एक छोटं दार होतं. पलीकडे कचेरीतल्या पेशकारांचं घर. त्यांच्या बायकोला आम्ही खाला म्हणत असू. ती पडदा पाळायची, बाहेर फारशी पडत नसे, आणि दिवसभर क्रोशाच्या पांढऱ्या टोप्या विणायची. नमाजाच्या वेळी घालतात तशा. मी तिच्याकडे जाऊन बसायला लागले. तिच्या शेजारी बसून तिच्या हाताकडे बघत करायला जायची आणि दोऱ्याचा गुंता व्हायचा. आठ दिवस गुंताच झाला. एक दिवस तिने माझ्या हातातली सुई काढून डाव्या हातात दिली आणि म्हणाली, "बाजू में नक्को बैठ. सामने आ."

समोर बसले. तिचा उजवा हात आणि माझा डावा हात आता एकाच बाजूला आले. आरशात बघून वेणी घालतो तसं. तिची सुई जिकडे जाई तिकडे माझी जाई. त्या दुपारी मी हातभर साखळी घातली. साखळी म्हणजे क्रोशातला पहिला टाका, एका फासातून दुसरा फास ओढायचा, बस. पण तो असा सरसर निघायला लागला की मी जेवायला गेलेच नाही. खालाने खजूर दिला तो तोंडात धरूनच विणत राहिले.

मिशनच्या शाळेत मी इंग्रजी शिकत होते. तिथल्या बाईंनी मला एक जुनं, मागची पानं गेलेलं नमुन्यांचं पुस्तक दिलं. त्यात प्रत्येक ओळीत किती साखळ्या, किती खांब हे इंग्रजीत लिहिलेलं. खांब म्हणजे उभा, उंच टाका. मी वाचायची, खालाला तिच्या बोलीत सांगायची, ती विणून बघायची, आणि मग मी समोर बसून तेच उलटं. पुस्तकातलं फूल उजवीकडून फिरायचं, माझं डावीकडून. पुढे मी इंग्रजी पुष्कळ वाचलं, पण वाचलेलं हातात उतरतं हा आनंद मला त्या फाटक्या पुस्तकानेच दिला. ताटावर झाकायचे रुमाल, तांब्याखाली ठेवायच्या चकत्या, दाराचं तोरण, मी नुसती करत सुटले.

आक्काला यातलं काहीच आवडत नसे. बसणं हीच तिला शिक्षा होती. ती उभ्याने चहा प्यायची, चालता चालता दादांना पेपर वाचून दाखवायची, आडाचं पाणी शेंदताना गाणी म्हणायची. मला विणताना बघून म्हणायची, "घरात कोळिष्टकं कमी होती, त्यात ही भर घालून राह्यली." तिला एकच गोष्ट यायची. दोन सुयांवर लोकरीचा सरळसोट मफलर. तोही ती फिरत फिरत विणायची, लोकरीचा गुंडा काखेत धरून.

ती सतरा वर्षांची होती. त्या काळी हे वय फार झालं. दोन स्थळं येऊन गेली होती. पहिले म्हणाले, मुलगी विचारायच्या आधी उत्तर देते. दुसरे काहीच म्हणाले नाहीत. मग तीर्थपुरीहून एक निरोप आला. बिजवर, चांगलं खाऊन-पिऊन घर, दोन मुलं. थोरली मुलगी आक्कापेक्षा फक्त पाच वर्षांनी लहान. दादांनी त्यांना सांगितलं की टेंभुर्णीचे लोक बघायला यायचे आहेत, ते येऊन जाऊ द्या, मग सांगतो. ते म्हणाले, संक्रांतीपर्यंत थांबतो. म्हणजे टेंभुर्णीचं जमलं नाही तर तीर्थपुरी. हे कोणी मोठ्याने बोललं नाही, पण भांडी घासणाऱ्या बाईलासुद्धा ते माहीत होतं. त्या दिवशी आक्का गाणं म्हणाली नाही आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

आता एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मुलगी बघायला पाहुणे आले की मुलीच्या हातचं काम चादरीवर मांडून ठेवत. रुमाल, तोरण, भरतकामाची उशी, मण्यांचा पोपट. बाजारातून आणलेलं नाही हे कळावं म्हणून त्यात एक काम मुद्दाम अर्धवट ठेवायचं, सुई त्यात तशीच अडकवलेली. म्हणजे जणू मुलगी आत्ताच विणता विणता उठली. हे काम बहुधा दुसऱ्याच कोणाचं असे, आणि हेही सगळ्यांना माहीत असे. आमच्या आळीतला एक मण्यांचा पोपट तीन मुलींच्या लग्नाला कामी आला होता. तो आमच्याकडेही आला.

बाकी सगळं माझं होतं. महिनाभर मी शाळेतून आले की विणत होते. आई म्हणाली, अर्धवट म्हणून आक्काचा मफलर ठेवू, निदान कोणी विचारलं तर तिला दोन ओळी घालता येतील. आणि इथे मी हट्ट केला. मफलर कसला ठेवायचा, राखाडी, सरळ, दोरीसारखा? मी एक गोल रुमाल करायला घेतला होता, बारा पाकळ्यांचा, अर्धा झाला होता, आणि माझ्या हातून तोवर झालेलं ते सगळ्यात देखणं काम होतं. मला तो पाहुण्यांनी बघायला हवा होता. आक्काच्या लग्नासाठी नव्हे. तो बघायला हवा होता म्हणून. आज मला हे लिहिता येतं, तेव्हा मला ते स्वतःशीही म्हणता येत नव्हतं. मी आईला म्हणाले, आक्काला चार टाके मी शिकवते, कोणाला कळत नाही. आणि आक्काला समोर बसवून वेगळ्या दोऱ्यावर चार खांब शिकवलेही. ती उजवी, मी डावरी, त्यामुळे तिला लगेच जमलं. दोघी खूश झालो. रुमाल उलट्या दिशेने फिरतोय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला ती दिशा उलटी वाटतच नव्हती.

टेंभुर्णीचे लोक सकाळच्या वेळी आले. मुलगा, त्याचे चुलते आणि त्याची आई. मी आतल्या दाराच्या फटीतून बघत होते. मुलाची आई उंच, ठसठशीत, हातांवर कापूस वेचून पडलेल्या काळ्या चिरा. चुलत्यांनी पोपट हातात घेऊन वाहवा केली. मुलगा पोपटाकडे बघत होता, कारण आक्काकडे बघायचं धाडस होत नसावं. बाईंनी मात्र पोपटाला हातही लावला नाही. त्यांनी रुमाल उचलला.

"हे चालू हाय वाटतं?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, रोज दुपारी घेऊन बसते.

"मंग घाल की बाई दोन टाके. आम्हाला बी बघू दे."

आक्काने रुमाल घेतला. सुई उजव्या हातात धरली आणि थांबली. जिकडे टाके घालायचे ती जागा तिच्या चुकीच्या हाताला होती. मला ते फटीतून दिसलं. ती हुशार होती. तिने रुमाल पालथा केला, मागच्या बाजूने तीन खांब घातले. चांगले घातले. बाईंनी रुमाल परत घेतला, सुलटा केला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला. अंगठा त्या तीन टाक्यांवरून फिरवला. मग बाकीच्या रुमालावरून.

"तू उजवी हायेस," त्या म्हणाल्या. "अन् ही जाळी डावरीनं केल्ती."

बाहेर गाडीचे बैल घुंगरं हलवत होते तेवढंच.

"माझी एक जाऊ डावरी हाय. गोधडीला बसली की तिचा धागा असाच उलटा फिरतो. तिला आम्ही येगळी कड देतो."

आई काहीतरी सांगायला लागली, दादा खाकरले. पण आक्काने त्यांच्या आधीच तोंड उघडलं. विचारायच्या आधी उत्तर देते, हीच तर तिच्याबद्दलची तक्रार होती.

"माझ्या धाकट्या बहिणीनं केलंय," ती म्हणाली. "सगळंच तिचं. पोपट सोडून. पोपट शेजारचा आहे."

चुलत्यांना चहाचा ठसका लागला.

"अन् तुझं काय?" बाईंनी विचारलं.

"मफलर येतो मला. सरळ. पण तो ठेवू दिला न्हाई."

मी दाराच्या मागे खाली बसले. पुढचं मला दिसलं नाही. ते लोक कळवतो म्हणाले आणि निघाले. चहा अर्धा तसाच राहिला होता.

त्या दिवशी आईने आक्काला खूप सुनावलं. तोंड आवरत नाही, दोन मिनिटं गप्प राहिली असतीस तर मी काहीतरी सांगितलं असतं. दादा न जेवता जिनिंगला गेले. मला कोणी एक शब्द बोललं नाही. आई मला ओरडली असती तर बरं झालं असतं. मी सगळे रुमाल घडी घालून ट्रंकेत ठेवले, पोपट परत देऊन आले, आणि मग बसायला गेले तर बसता येईना. सुई हातात घेतली तर दोन साखळ्यांच्या पुढे जाईना. आक्का ओसरीपासून आडापर्यंत फेऱ्या मारत होती. मी तिच्या मागे मागे. "माझ्या मागं काय करून राह्यलीस?" असं तिने एकदा विचारलं. मी तिच्याआधी आडाशी जाऊन उभी राहायची, ती परत वळायची, मी पुन्हा मागे.

असे आठ दिवस. पाचव्या दिवशी तीर्थपुरीहून माणूस विचारायला येऊन गेला. संक्रांतीला महिना होता.

नवव्या दिवशी टेंभुर्णीच्या त्या लोकांच्या कापसाच्या गाड्या जिनिंगला आल्या. गाडीवानाने दादांना निरोप दिला आणि दादांनी तो जेवताना जसाच्या तसा सांगितला. अर्धा रुमाल जिचं लगीन हाय तिनं पुरा करून द्यावा, दोन हप्त्यांनी गाड्या परत येतील तेव्हा घेऊन जाऊ.

दादांना याचा अर्थ लागेना. हो म्हणायचं असतं तर हो म्हणाले असते. आई म्हणाली, ही आपली चेष्टा आहे, गावभर करतील. मला वाटलं, माझ्यासाठीच हा निरोप आहे. मी ट्रंक उघडून रुमाल काढलाही. मी तो चार दिवसांत असा पुरा केला असता की त्यांना बघतच राहावं लागलं असतं.

आक्का म्हणाली, "आण इकडं."

तिने रुमाल घेतला, सुई काढली आणि दोरा ओढला. क्रोशाचं काम असं असतं की एक टोक ओढलं की सगळं सरसर उसवत जातं. माझ्या पाकळ्या एकेक करून गेल्या. चौथी जाताना मी बाहेर पळाले. परत आले तेव्हा तिच्यापुढे कुरळ्या दोऱ्याचा ढीग होता आणि ती म्हणत होती, "माझ्या हातानं तो पुढं जात न्हाई. पहिल्यापासून करते. बस समोर."

पुढचे तेरा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. मी समोर बसायची, एकेक टाका दाखवायची, आणि ती तो आडाचा दोर शेंदावा तसा ओढायची. टाका इतका घट्ट की सुई शिरेना. सैल कर म्हटलं की इतका सैल की बोट जाई. मोजता मोजता तिला काहीतरी आठवायचं आणि ती बोलायला लागायची, मोजणी गेली. ती उठायची, एक फेरी मारून यायची, पुन्हा बसायची. मला ते बघवत नसे. माझे हात आपोआप पुढे जात. शेवटी मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला लागले. हात तिथेही वळवळत. खाला मधल्या दारातून बघायची आणि हसायची. "देखो तो," ती म्हणायची, "शागिर्द बैठी है आराम से, और उस्ताद के पसीने छूट रहे."

खालाला मी एकदा हळूच विचारलं की तूच करून देतेस का, तू तर उजवी आहेस, कोणाला कळणार नाही. तिने सुई थांबवली. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विणायला लागली.

पण मधेच एक दिवस असा आला की आक्का सबंध दुपार उठलीच नाही. जीभ दातांत धरून विणत होती. एक पाकळी पुरी झाली, तिने ती उन्हात धरून बघितली, मला दाखवली नाही, आणि लगेच दुसरी सुरू केली. जमिनीवर त्या पाकळीची जाळीदार सावली पडली होती. माझ्या हाताला सुरुवातीला जे वाटलं होतं ते तिला आत्ता वाटतंय, एवढं मला कळलं. तिच्या बोटांवर दोऱ्याने लाल वळ उठले होते.

गाड्या येणार त्याच्या आदल्या दिवशी रुमाल पुरा झाला. मी मोजला. अकरा पाकळ्या. पुन्हा मोजला. अकराच. कुठेतरी मधे तिने एक गाळली होती, आणि ती जागा भरून काढायला तिथला दोरा ताणला होता, त्यामुळे रुमाल एका बाजूला सपाट बसेना, बशीसारखा उचलला जाई. मी तिला काही बोलले नाही. ती इतकी आनंदात होती की डोक्याला तेल लावून नहायला गेली.

मी रुमाल घेतला. नुसता बघायला घेतला, असं मी स्वतःला सांगितलं. शेवटच्या दोन पाकळ्या उसवल्या. उजव्या हाताने करून बघितल्या, ते तर तिच्याहून वाईट झालं. मग रुमाल पालथा घालून डाव्या हाताने, भराभर, तिसरी पाकळीही बसवली. बारा झाल्या. सपाट झाला. दोरा तोडून टोक लपवलं आणि घडी घालून होता तिथे ठेवला. गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच हातांना बरं वाटत होतं.

आक्का ओल्या केसांनी आली. रुमाल उचलला आणि न उलगडताच, नुसता बोटांनी चाचपून, थांबली. तेरा दिवसांपूर्वी तिला हे कळलं नसतं. आता तिच्या बोटांना कळत होतं की इथे टाके पालथे आहेत.

"तुला माझं वाकडं बघवत न्हाई," ती म्हणाली. ओरडली नाही.

मी म्हणाले, "एक पाकळी कमी होती. त्यांना दिसलं असतं."

"दिसू दे की. त्यांनी मागितलं ते माझ्या हातचं." मग म्हणाली, "एकदा तुझं माझं म्हणून दाखवलं, काय झालं ते बघितलंस. आता तीर्थपुरीला जायचं झालं तर निदान माझ्या हातानं जाईन."

तिने माझ्या तीन पाकळ्या उसवल्या आणि तिच्या दोन पुन्हा घातल्या. केस वाळेपर्यंत घालत होती. मी समोर बसले होते. हात मांड्यांखाली घातले नाहीत. मांडीवर ठेवले, आणि ते तिथे राहिले. दुसऱ्या दिवशी अकरा पाकळ्यांचा रुमाल कागदाच्या पुडीत घालून दादांनी गाडीवानाच्या हवाली केला.

मग पुन्हा वाट बघणं. घरात तीळ भाजले जात होते. आईने तीर्थपुरीच्या माणसाला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवायला सुरुवात केली होती, ती चुलीपुढे पुटपुटताना ऐकू येत. आक्का मफलर विणत फेऱ्या मारत होती. तो इतका लांब झाला होता की त्याचं टोक मागे जमिनीवर घासत येई आणि त्याला कापूस चिकटे.

संक्रांतीला चार दिवस असताना दादा भर दुपारी घरी आले. ते कधी दुपारी येत नसत. खांद्यावर एक गाठोडं होतं. ते त्यांनी ओसरीवर टाकलं आणि गाठ सोडली. आत एक गोधडी होती. नवी, लुगड्यांच्या तुकड्यांची, पण अर्धीच शिवलेली. कडेचे चार-पाच फेर घातलेले, मधला भाग मोकळा, आणि जिथे धागा थांबला होता तिथे सुई टोचलेली.

गाडीवानाने सांगितलेलं दादांनी दम लागल्यासारखं थांबत थांबत सांगितलं. रुमाल ताकाच्या मडक्यावर बराबर बसला, म्हणावं. ही गोधडी आमच्या घरची हाय, कडेचे धागे आम्ही घातले, पुढचे तिनं इथं येऊन आमच्यासंगं घालावे. तवर सुई हरवू नका. आणि ती डावरी बहीण हाय, तिला उन्हाळ्यात धाडा, तिची कड येगळी ठेवतो.

आक्का मटकन खाली बसली. तिला मी असं आपणहून बसलेलं क्वचितच पाहिलं होतं. आईने गोधडीवरून हात फिरवला, माझ्याकडे बघितलं, माझ्या डाव्या हाताकडे बघितलं, आणि सुई नीट ठेवायला म्हणून काढून घेतली. संध्याकाळी ती सुई सापडेना. डबे पालथे घातले, केर पुन्हा चाळला, दादा म्हणाले सुई मिळाल्याशिवाय मी जेवणार नाही. ती आईच्याच पदराला टोचलेली होती. चुलीपाशी वाकताना तिला ती लागली तेव्हा कळलं.

आक्काने पुढे आयुष्यात क्रोशाला हात लावला नाही. सासूबद्दल ती तीस वर्षं तक्रार करत होती, आणि सासू गेल्यावर तीच सर्वांत जास्त रडली. तिच्या नवऱ्याने तो लांबलचक मफलर दोनदा गुंडाळून कितीतरी हिवाळे वापरला. पुढच्या उन्हाळ्यात मी टेंभुर्णीला गेले आणि माझ्या वेगळ्या कडेला बसले. कोपऱ्यावर आक्काची सुई समोरून आली आणि माझ्या सुईला भिडली. ती म्हणाली, "ऊठ तिथून, जा पाणी भर." तिच्या सासूबाई इतक्या हसल्या की त्यांचा धागा तुटला.

आक्का गेल्यावर तिच्या सुनेने तो रुमाल मला आणून दिला. ताकाने पिवळा पडलेला, एका बाजूला अजून बशीसारखा उचलणारा. पत्र्याच्या डब्यात सगळ्यात वर तो आहे. मी तो सपाट करायचा प्रयत्न केलेला नाही, पण प्रत्येक वेळी डबा उघडला की हात शिवशिवतात.

पार्सलमध्ये थोरल्यासाठी मफलर आहे, राखाडी, सरळ. धाकटीसाठी एक अर्धा रुमाल आहे, सुई त्यात तशीच ठेवली आहे. तो डाव्या हाताने विणलेला आहे, तेव्हा तुझ्या हाताला तो सरळ पुढे जाईल. अडलं तर आईला विचार, तिला मी क्रोशे शिकवलं आहे, ती उजवी आहे. तिच्या शेजारी मात्र बसू नकोस. समोर बस. आणि किती पाकळ्या झाल्या ते मला कळवायची काही गरज नाही.